निजवलेल्या पिशव्या

भिंगरी ही माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून लोक म्हणतात, भाऊ आहे म्हणून एवढं कौतुक चाललंय. चाललंयच. आमच्या घराण्यात डोकं घेऊन दोनच माणसं जन्माला आली. एक ती, आणि दुसरा कोण ते मी माझ्या तोंडाने सांगत नाही.

तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त सरकारी कागदावर उरलंय. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून भिंगरी. आई झाडू हातात घेईपर्यंत हिने अर्धं घर झाडलेलं असायचं आणि ती सगळी धूळ उरलेल्या अर्ध्या घरात नेऊन टाकलेली असायची. शाळेत माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त शिकली. मी सातवीला थांबलो, कारण त्यापुढे मास्तरांकडे मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई ही गोष्ट जरा वेगळी सांगायची, पण आई आता नाही, तेव्हा माझीच खरी धरायची.

माझं पंक्चरचं दुकान आहे, ट्रक वळतात त्या कोपऱ्यावर. माझ्या हाताखालून गेलेली ट्यूब परत त्याच जागी फुटली असं दाखवणारा माणूस अजून भेटायचाय. दुकानाच्या मागे माझी खोली, आणि तिच्याशेजारी भिंगरीची. मेहुणे गेले तेव्हा मी तिला म्हटलं, तू काम करायची गरज नाही, हा भाऊ बसलाय. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या आठवड्यात कचऱ्याच्या शेडवर कामाला लागली. तिचं ते तसंच. मान हलवते म्हणजे ऐकलं असं नाही.

आमच्या भागातल्या घराघरांतला कचरा त्या शेडमध्ये येतो. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता. बर्फ बंद पडून जमाना झाला, यंत्रं भंगारात गेली, पण इमारत दणकट. मधल्या मोठ्या हॉलमध्ये लांबच लांब रबरी पट्टा फिरतो. दोन्ही बाजूंना बायका उभ्या. कचरा समोरून सरकत जातो आणि जिच्या वाटणीची जी वस्तू ती उचलते. कोणी बाटल्या, कोणी पुठ्ठा, कोणी पातळ प्लास्टिक. उरेल ते ट्रकमध्ये जातं आणि ट्रक जातो बाहेरच्या डोंगरावर. डोंगर म्हणजे खरा नव्हे, कचऱ्याचाच. पावसापाण्यात आणि उन्हात वर्षानुवर्षं कुजत पडलेला, लांबून पाहिलं तर कधी कधी वाफा निघताना दिसतात.

भिंगरी पट्ट्याच्या शेपटाला लागली होती. शेपटाला म्हणजे जिथे चांगलं सगळं पुढच्यांनी उचललेलं असतं आणि उरतो तो नुसता चिखल. तिथून ती मुकादम झाली. शिफारस नाही, कोणाच्या पुढे-पुढे करणं नाही. ठेकेदाराने आपणहून केलं, कारण ती ज्या दिवशी यायची नाही त्या दिवशी पट्टा तुंबायचा. हातगाड्यांच्या चाकांत हवा भरायला मी तिथे जायचो, तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलंय. ती ओरडायची नाही. नुसती चालत यायची आणि बायकांचे हात आपोआप भराभर चालायला लागायचे. मुकादम झाल्यावरही स्वतः पट्ट्यावर उभी राहायची. मी म्हणायचो, अगं, खुर्ची घे की एक. तर म्हणे, खुर्चीवरून कचरा नीट दिसत नाही.

तिची तिथली जिवाभावाची बाई म्हणजे हसरी. वयाने मोठी, अंगाने थोराड, आणि हसायला लागली की पट्ट्याचा आवाज ऐकू यायचा नाही. दुसरी एक होती तिला सगळ्या वकीलबाई म्हणायच्या. प्रत्येक गोष्टीत तिचा मुद्दा असायचा. डबा आधी खायचा की हात आधी धुवायचे यावरसुद्धा तिने एकदा अख्खी दुपार वाद घातला होता. भिंगरीचं आणि तिचं फारसं पटायचं नाही, पण वकीलबाई कामाला पक्की, म्हणून भिंगरी तिला सांभाळून घ्यायची.

आता पिशव्यांचं सांगतो.

मागे खोकल्या-तापाची मोठी साथ आली तेव्हा आरोग्य खात्याचा एक माणूस शेडवर येऊन नियम सांगून गेला. ज्या घरात आजारी माणूस असेल तिथल्या कचऱ्याच्या पिशवीला लाल पट्टी लावून येईल. ती लगेच फोडायची नाही. बाहेर मोकळ्यावर चार दिवस ठेवायची, मग पट्ट्यावर घ्यायची. विषाणूला जगायला माणूस लागतो, माणूस मिळाला नाही की तो आपोआप संपतो, असं काहीतरी तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. साथ सरली, पण नियम राहिला. कारण भिंगरीने तो राहू दिला. दुसऱ्या शेडवर म्हणे आठवड्याभरात सगळे विसरले होते. आमच्या शेडवर नाही. कसलाही आजार असो, लाल पट्टी दिसली की पिशवी बाजूला. बायकांनी त्याला आपला शब्द काढला होता. पिशवी निजवायची. चार दिवस झाले की पिशवी उठली. हसरी म्हणायची, घरी नवरा निजत नाही, नातवंडं निजत नाहीत, इथे तरी कोणीतरी गुमान निजतंय.

आधी पिशव्या मागच्या अंगणात निजवायच्या, उन्हात. पण कुत्री यायची, फाडायची, घाणेरडी लंगोटी तोंडात धरून रस्ताभर पळायची. शेजारच्या इमारतीतली माणसं गच्चीवरून शिव्या घालायची. मग भिंगरीने डोकं चालवलं. कारखान्याची बर्फ साठवायची जुनी खोली रिकामी पडली होती. हातभर जाडीच्या भिंती, खिडकी नाही, एकच जाडजूड दार. यंत्र चालू नसतानाही आत पाऊल टाकलं की अंगावर काटा येतो, इतकी गार. भिंगरीने ती स्वतः घासून काढली. पिशव्या आत नेल्या. वास बंद, कुत्री बंद, माश्या बंद. फरशी रोज पाण्याने धुऊन काढायची. दाराच्या फटीला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी मी मारून दिली, अशी की आतला गारवा बाहेर येईल तर शपथ. माझ्या दुकानावर जो कोणी ट्रकवाला यायचा त्याला मी त्या खोलीची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नसे. इंजिनियरला सुचलं नसतं ते माझ्या बहिणीला सुचलं, असं. चाकाचं काम झालं तरी माणूस बसून राहायचा, मी सांगायचोच तसं.

खोली गार म्हटल्यावर बायका आपले पाण्याचे माठ तिथेच ठेवायला लागल्या. पिशव्या एका भिंतीला, माठ समोरच्या फळीवर. डबेसुद्धा. जेवायला दारातच बसायच्या, कारण अख्ख्या शेडमध्ये वास नसलेली तेवढीच जागा. आणि उठलेली पिशवी फोडताना हातमोजे कोणी घालत नसे. जाड मोज्यांनी पातळ प्लास्टिक सुटं होत नाही, आणि पिशवी तर निजून उठलेली. तिच्याइतकं स्वच्छ त्या शेडमध्ये काही नाही, असाच सगळ्यांचा समज. भिंगरीचाही.

हसरी आजारी पडली तेव्हा आधी कोणाला काही वाटलं नाही. जेवणावरची वासना गेली, ताप आला, उलट्या. दवाखान्यात नेली तर कावीळ निघाली, आणि साधी नाही. या वयाला जोरात धरते म्हणाले. ठेवून घेतली. पाठोपाठ पट्ट्यावरच्या आणखी दोघी. मग आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई शेडवर आल्या.

त्यांनी काय सांगितलं ते भिंगरीने मला शब्द न शब्द सांगितलंय. बायकांना हॉलमध्ये बसवून त्यांनी समजावलं की सगळे विषाणू एका जातीचे नसतात. खोकल्याचा नाजूक. त्याच्या अंगावर पातळसं आवरण असतं, ते साबणाने विरघळतं, उन्हात आणि कोरड्यात तो फार तग धरत नाही. पण पोटातून येणारे, ही कावीळ त्यातलीच, ते चिवट. लहान मुलांना ही कावीळ झाली तरी बऱ्याचदा कळतही नाही, आणि त्यांच्या लंगोटांतून ती कचऱ्यात येते. विषाणू कचऱ्यात वाढत नाही, तो नुसता वाट बघतो, असं त्या म्हणाल्या. किती वाट बघेल ते जागेवर ठरतं. डोंगरावरचा कचरा कुजताना आतून तापतो, त्या उष्णतेत त्याचा निभाव लागत नाही. थोडा वेळ लागेल, पण मरतो. कडक ऊन, कोरडी हवा, यातही लवकर संपतो. तेच त्याला गार, ओलं आणि अंधारं मिळालं, तर आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही राहतो.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या लाल पट्टीच्या पिशव्या कुठे असतात?

ठेकेदाराचा सुपरवायझर पुढे झाला आणि म्हणाला, अंगणात, मॅडम, उन्हात, नियमाप्रमाणे. बायकांकडे वळून म्हणाला, असंच ना गं?

कोणी नाही म्हणालं नाही. काहींनी मान हलवली. बहुतेक सगळ्या भिंगरीकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग ती शंका मिटली, हे पाण्यातून आलेलं दिसतंय, तिघींच्या वस्तीतल्या नळाचं पाणी आम्ही तपासतोच आहोत. आणि गेल्या.

त्या दुपारी भिंगरी माझ्या दुकानात आली. मी एका टायरवर होतो. ती लोखंडी पेटीवर बसली. मी म्हटलं, काय गं, पट्टा बंद पडला का?

"दादा, आपली खोली," ती म्हणाली.

"काय झालं खोलीला?"

"आपण तिचा फ्रिज केला."

मग तिने सगळं सांगितलं. आमच्या भागातल्या एका पाळणाघराच्या पिशव्या. दोन-तीन पोरं आजारी पडली म्हणून लाल पट्टी लावून येत होत्या, आणि त्यांत नुसते लंगोट. ती त्या स्वतःच्या हाताने खोलीत रचत होती. फरशीला रोज पाणी. आणि समोरच्या फळीवर माठ.

 मी मोठा भाऊ आहे, डोकं ठिकाणावर ठेवायचं काम माझं. मी तिला म्हटलं, हे बघ, तुला थंडीचं कोणी सांगितलं होतं का? नव्हतं. नियम तू पाळलास का? पाळलास. बाकीच्यांनी पाळला नाही, तू पाळलास. मग खापर तुझ्या डोक्यावर का? ठेकेदार पहिला हात वर करील. त्याच्या सुपरवायझरला खोली माहीत होती, तोही रोज तिथलंच गार पाणी पितो, पण उद्या तो म्हणेल मला काही ठाऊक नाही, हिच्याच डोक्यातून निघालं. तेव्हा तू गप्प बस. माठ बाहेर काढ, पिशव्या एकेक करून उन्हात टाक, खोलीला कुलूप लाव. संपलं. मी आत्ता येतो, रबरी पट्टी काढून टाकतो, खोली होती असंसुद्धा कोणाला वाटणार नाही.

ती म्हणाली, "आणि ज्या आत्तापर्यंत तिथलं पाणी प्यायल्या, त्या?"

मी म्हटलं, त्यांचं काय?

तर म्हणे, डॉक्टरीणबाई सांगत होत्या की या काविळीला लस आहे. विषाणू पोटात गेल्यावर फार दिवस झाले नसतील तर ती अजूनही उपयोगी पडते. उशीर झाला की नाही. आजार लगेच दिसत नाही, कधी कधी महिनाभर आत बसून राहतो. "त्या लसी नळाच्या वस्तीत जाणार, दादा. पाण्याच्या टाकीपाशी. आमच्या शेडवर कोणी येणार नाही."

 मी बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

संध्याकाळच्या आधी तिला हसरीला बघायला जायचं होतं. मी माझ्या स्कूटरवरून तिला नेलं. माझी स्कूटर जुनी आहे, पण पहिल्या किकला सुरू होते, अख्ख्या गल्लीत एकच.  

हसरी वॉर्डच्या टोकाच्या खाटेवर होती. मी तिला ओळखलंच नाही. एवढी दणकट बाई, चादरीखाली कोणीतरी रिकामं पोतं ठेवल्यासारखी. हाताला सलाईन. तिचा नवरा पायथ्याशी स्टुलावर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही.

भिंगरीने तिचा हात धरला. हसरी हळू आवाजात बोलत होती, धाप लागत होती तिला. म्हणाली, माझ्या घरचं पाणी खराब म्हणतायत. माणसं येऊन नळाखाली बाटल्या भरून नेतात, सगळी वस्ती बघते. शेजारीण पोरांना आमच्या दारात येऊ देत नाही. सून म्हणते, सासूबाई, तुम्ही काय घेऊन आलात घरात?

"मी घर घासूनपुसून ठेवते गं," हसरी म्हणाली. "तू आलीयेस माझ्या घरी. तू पाहिलंयस. सांग ना यांना."

तिच्या नवऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि भिंगरीकडे बघितलं.

भिंगरी म्हणाली, "सांगते."

तेवढंच. आणि हसरीचा हात चादरीवर नीट ठेवून ती उठली. मला वाटलं, आता बाहेर जाऊन स्कूटरवर बसेल. तर ती जिना चढायला लागली. डॉक्टरीणबाईंचं ऑफिस त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. मी मागून दोन पायऱ्या एकदम घेत गेलो, तिचा दंड धरला. म्हटलं, भिंगरे, मुकादमी जाईल. किती वर्षांनी मिळवलीयेस. तोंड कोणाला दाखवशील? मी दुकानात काय सांगू?

ती म्हणाली, "दादा, तू खाली थांब. हवं तर स्कूटरपाशी थांब."

मी खाली थांबेन? मी तिच्याबरोबर आत गेलो. बहिणीला एकटी सोडणारा भाऊ मी नव्हे. आत गेल्यावर काय बोलायचं ते मी मनात जुळवूनसुद्धा ठेवलं होतं, की मॅडम, माझ्या बहिणीची काही चूक नाही. पण बोलायची वेळच आली नाही.

ती उभ्यानेच बोलली. आधी म्हणाली, पिशव्या अंगणात नसतात. मग खोली सांगितली, फरशीवरचं पाणी सांगितलं, माठ सांगितले, डबे सांगितले, हातमोजे काढतो तेही सांगितलं. सुपरवायझरचं नाव घेतलं नाही. खोलीची कल्पना माझ्या एकटीची, असं स्पष्ट म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, हसरीच्या नळाला काही झालेलं नाही, तुम्ही बाटल्या भरून नेणं थांबवा.

 डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, कुत्र्यांपासून पिशव्या वाचवल्यास ते बरोबरच होतं. थंडीचं तुला आमच्यापैकी कोणीतरी सांगायला हवं होतं. पण नळ मी आत्ताच निर्दोष म्हणणार नाही, त्याचाही तपास चालू आहे, त्यात दोन-चार दिवस जातील. मी मनात म्हटलं, एवढं सांगून यांनाही खात्री नाहीच. मग त्यांनी विचारलं, या खोलीतलं पाणी शेवटचं कधी प्यायलात? भिंगरी म्हणाली, आजच, तुम्ही यायच्या आधी. सगळ्यांनी. मीसुद्धा.

तिथून त्यांचे फोनवर फोन सुरू झाले. उद्या सकाळी लस घेऊन शेडवर येते म्हणाल्या. पण एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. ज्यांच्या पोटात तो आधीच पंधरा-वीस दिवसांपूर्वी गेला असेल, त्यांना लसीने काही होणार नाही. त्यांचं येत्या दिवसांत कळेल. कोणाचं ते आत्ता सांगता येणार नाही.

भिंगरीने विचारलं, हसरी वाचेल ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघतोय आम्ही. बहुतेक माणसं बरी होतात. भिंगरी त्यातला "बहुतेक" तेवढाच घेऊन बाहेर पडली. जिना उतरताना दोनदा तोच शब्द पुटपुटली.

आम्ही शेडवर पोहोचलो तर बातमी फोनवरून आमच्या आधीच पोहोचली होती. ठेकेदार फाटकात उभा होता आणि सुपरवायझर त्याच्यामागे, अर्धा लपलेला. मी म्हटलं होतं ना, तस्संच झालं. सुपरवायझर म्हणाला, खोलीत माठ असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी पुढे होऊन त्याला चार शब्द सुनावले, ते इथे सांगत नाही. ठेकेदार म्हणाला, मुकादमी आजपासून वकीलबाईकडे, खोलीला सील, आणि हिला कामावर राहायचं असेल तर शेपटाला. पट्ट्याच्या शेपटाला, जिथून तिने सुरुवात केली होती.

बायका हॉलच्या दारात गर्दी करून उभ्या. एकीने रडायला सुरुवात केली, तिचं दूध पितं मूल होतं घरी. दुसरी म्हणाली, सांगितलंस कशाला, आता आम्हालाही घरात कोणी जवळ करणार नाही. वकीलबाई सगळ्यांत पुढे होती. ती भिंगरीला म्हणाली, "तुझ्या शब्दावर आम्ही हातातले मोजे काढले. तू म्हणालीस निजली, आम्ही म्हटलं निजली."

त्यावर भिंगरी काय म्हणणार? ती म्हणाली, "हो."

मी तिला घरी आणलं. आमच्या हिने जेवण वाढलं, भिंगरी जेवली नाही. म्हणाली, वहिनी, माझं ताट, माझा पेला आता वेगळा ठेवा, आणि पोरांना माझ्याकडे पाठवू नका. माझ्या बायकोने ताट वेगळं काढलं. मी म्हटलं, हे काय चालवलंय, मी तुझ्याच ताटात जेवतो. जेवलोही असतो. दोघींनी मला हात लावू दिला नाही.

मला एवढंच सांगायचंय की त्या शेडवर चाळीस माणसं होती, ठेकेदार होता, सुपरवायझर होता, आणि त्या सगळ्यांना खोली कुठे आहे ते माहीत होतं. बोलली माझी बहीण. आजही माझ्या दुकानावर ट्रकवाला आला की मी त्याला हे सांगतो. खोलीची गोष्ट आता सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला निघाली. मी म्हटलं, मी येतो, हातगाडीच्या चाकात हवा कमी आहे. हवा भरपूर होती, तिलाही ते ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंची गाडी अजून यायची होती. बायका अंगणात उन्हात उभ्या होत्या, एकमेकींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, अंगठ्याने खालची पापणी ओढून डोळे बघत. रात्रीत सगळ्यांना कळलं होतं की आधी डोळ्यांत दिसतं. भिंगरी आत गेली तशा त्या थांबल्या. बाजूला झाल्या. जरुरीपेक्षा थोड्या जास्तच. ती कोणाकडे न बघता पट्ट्याच्या शेपटाकडे निघाली.

वकीलबाई मागून आली आणि तिला खांद्याला धरून उन्हाकडे फिरवलं. मला वाटलं आता भांडण. मी फाटकातून आत शिरलो. पण तिने भिंगरीची पापणी खाली ओढली, दोन्ही डोळे बघितले, आणि म्हणाली, "तुझे पांढरे आहेत अजून. आता माझे बघ. आणि खरं सांग, तुला सवय आहे."

भिंगरीने तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. बराच वेळ बघत राहिली. मग तिला थोडं आणखी उजेडात घेतलं आणि पुन्हा बघितलं.

"पिवळे आहेत गं," ती म्हणाली.

वकीलबाईकडे त्यावर एकही मुद्दा नव्हता. भिंगरीने तिचा हात धरला आणि दोघी फाटकाकडे चालत आल्या. मी स्कूटर सुरू केली.